भावोजींचं हरीण

पानगळ सुरू झाली, की फोटो छापणाऱ्या बाईच्या दुकानात राष्ट्रीय उद्यानातून परतलेल्या हौशानवशांची रीघ लागे. सगळ्यांचा डोंगर तोच, उभं राहायचा कठडा तोच, आणि तोरा असा की जणू डोंगर यांनीच रचला. त्यात तिचे भावोजी म्हणजे कळस! धंद्यानं दातांचे डॉक्टर, पण मुसळाएवढी लेन्स गळ्यात अडकवली की स्वतःला ऋषीच समजत.

यंदा घाईत पाकिटांची अदलाबदल झाली आणि भावोजींकडे भलत्याच गिऱ्हाइकाचे फोटो गेले. चूक कळताच ती खरं पाकीट घेऊन बहिणीकडे धावली. तिथे एक हरीण चौकटीत बसून भिंतीवर चढलंही होतं, आणि भावोजी पाहुण्यांना सांगत होते, "तासभर गवतात पालथा पडलो, तेव्हा कुठे त्यानं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला!"

"ताई, हे खरं?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणजे काय! मी शेजारीच होते ना," ताई म्हणाली.

तिनं पाकीट मुकाट्यानं पिशवीत परत सरकवलं. त्यातही भावोजींनी टिपलेली हरणं पुष्कळ होती. पण एकजात सगळ्यांनी त्यांना शेपूटच दाखवलं होतं.