ऑक्टोबरात ओली झालेली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. खिडकीला ठोकतात ती नाही की क्रिकेटच्या सरावाला बांधतात तीही नाही. गळाला लागलेला मोठा मासा पाण्यातून अलगद उचलून घ्यायला लांब दांडीची, रुंद तोंडाची आणि खोल पोटाची जाळी लागते, ती मी. इथले लोक मला लँडिंग नेट म्हणतात. मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्न नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका गॅरेजात भिंतीवरच्या हुकाला मी टांगलेली असते. एका वसंतात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरात, माझ्यावरून दोन मित्रांच्या मनात संशय शिरला. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण जाळीला कोण विचारतं? म्हणून आज तुम्हाला सांगते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण आयुष्य सुरू झालं ते दुकानात. मासेमारीच्या सामानाच्या त्या दुकानात राघव आणि यतिन एका शनिवारी आले. राघव पुण्याचा, कंपन्यांची कॉम्प्युटर नेटवर्क सांभाळणारा. यतिन विद्यार्थी म्हणून आला आणि इथलाच झाला. तो बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. दोघांची ओळख एका इंडियन दुकानात सुके बोंबील शोधताना झाली होती. पुढे दोघांनाही मरे कॉडचं वेड लागलं. मरे कॉड हा इथल्या नद्यांचा राजा. माणसाच्या कमरेएवढा लांब होतो, कधी त्याहूनही मोठा. ठरावीक मापाचाच कॉड घरी नेता येतो. मोठे सगळे परत पाण्यात सोडावे लागतात.

दुकानाच्या मालकाने त्यांना दोन जाळ्या दाखवल्या. एक गाठी मारलेल्या नायलॉनची होती. दुसरी मी, रबराचा मुलामा दिलेली, बिनगाठीची. मालक म्हणाला, "सोडून देणार असाल तर ही घ्या, मेट. गाठींनी माशाचं अंग खरवडतं."

राघवने भुवई वर केली. मराठीत यतिनला म्हणाला, "महागातलं खपवतोय हा."

"थांब, बघू," यतिन म्हणाला. त्याने शर्टाची बाही वर केली आणि नायलॉनची जाळी हाताच्या आतल्या मऊ बाजूवर जोरात घासली. लाल ओरखडे उठले. मग मला घासलं. काही उठलं नाही. "माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो ना, तेच त्याचं औषध. तो निघाला की सोडलेला मासाही चार दिवसांत मरतो. हीच घेऊ. तोंड रुंद आहे, पोट खोल आहे, गळ पण अडकणार नाही."

राघवने तरीही फोन काढला आणि उभ्या उभ्या लोकांची मतं वाचली. मला उलटी केली, चौकट वाकवून पाहिली, दांडीचा खटका पुन्हा पुन्हा लावून सोडून पाहिला. माझी निवड झाली ती अशी, एकाच्या भरवशावर आणि दुसऱ्याच्या शंकेवर. मला वाटलं, असे दोघे मालक मिळणं चांगलंच. निघताना राघवने नियम घातला. "हे नेट कॉडसाठी. कार्पला लावायचं नाही. त्याच्या पाठीच्या काट्याने जाळी फाटते, आणि वास जात नाही." यतिन हसून हो म्हणाला.

ती पहिली वर्षं माझ्या मानाची होती. गोलबर्न नदीवर पहाटेचा गारवा असायचा. एकाच्या हातात गळ आणि दुसऱ्याच्या हातात मी. तुम्हाला वाटेल, मासा गळ टाकणारा पकडतो. तसं नसतं. शेवटच्या क्षणी सगळं जाळीवाल्याच्या हातात असतं. त्याने माशावर झडप घालायची नसते. मला आधी ओली करून पाण्यात स्थिर धरायचं आणि माशाला डोक्याकडून आत येऊ द्यायचं. घाई झाली, दोरीला धक्का लागला, की मासा गेला. इतकी वर्षं त्या दोघांनी एकमेकांचा एकही मासा घालवला नव्हता. राघव लोकांना सांगायचा, "यतिन नेट धरतो तेव्हा मी मागे वळून बघत नाही."

सप्टेंबरपासून नोव्हेंबर संपेपर्यंत कॉडची वीण असते. तेव्हा त्याला पकडायला बंदी. ते तीन महिने मी राघवच्या गॅरेजात कोरडी पडून राहायची. पण त्या ऑक्टोबरात एका दुपारी गॅरेजचं दार वर गेलं आणि यतिन आत आला. दाराचा कोड त्याला माहीत होता. राघव ऑफिसात होता. त्याची बायको सुखदा, तीही कामावर गेलेली. यतिनने मला घाईघाईने गाडीत टाकलं.

त्याची बायको उर्वी मागच्या अंगणात लाल भोपळा आणि मेथी लावते. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की वेलाच्या बुडाशी कार्प पुरला की भोपळे धरतात. कार्प हा बाहेरून आणून सोडलेला मासा, नदी गढूळ करणारा. तो वर्षभर पकडता येतो, उलट पकडला की जिवंत परत सोडायचा नसतो. तेव्हा यतिन काही बेकायदा करायला निघाला नव्हता. फक्त राघवला दिलेला शब्द तो मोडत होता.

मोठा कार्प मिळाला. त्याच्या पाठीवरच्या करवतीसारख्या काट्याने माझी दोन घरं कापली. यतिनने मला नळाखाली धुतलं, पुसलं न पुसलं आणि ओलीच हुकाला लावून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी राघव स्क्रूड्रायव्हर शोधायला गॅरेजात आला. माझ्याखालच्या सिमेंटवर ओला डाग होता. तो थांबला. त्याने मला हुकावरून काढलं, नाकाशी धरलं, मग फोनचा दिवा लावून एकेक घर पाहिलं. कापलेल्या जागेत त्याने बोट घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग त्याने यतिनला फोन लावला.

"नेट नेलं होतंस का रे?"

स्पीकरवर यतिनचा आवाज आला. "नाही रे. का?"

"काही नाही. सहज."

मित्रांनो, त्या "सहज"नंतर राघवचा चेहरा मी जवळून पाहिला. मला तो आवडला नाही.

त्या आठवड्यात राघव रोज गॅरेजात यायचा. कामाच्या निमित्ताने यायचा आणि माझ्यापाशी थांबायचा. रविवारी ते यतिनकडे जेवायला गेले. परतल्यावर गाडीतून सामान काढता काढता त्याने सुखदाला सांगितलं, "मी बर्फ घ्यायला त्यांच्या वॉशिंग मशीनच्या खोलीतला फ्रीझर उघडणार होतो, तर उर्वीने हात आडवा घातला. म्हणाली, त्यात नाही, किचनमध्ये आहे. त्यात काय आहे एवढं?"

"असेल काही. तुला काय करायचंय?"

"ऑक्टोबर आहे, सुखदा. नेट ओलं होतं. फाटलंय. आणि तो नाही म्हणतो."

"मग सरळ विचार ना त्याला."

"विचारलं. खोटं बोलला माझ्याशी."

सुखदा पिशवी उचलून आत जाता जाता म्हणाली, "पुन्हा विचार. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलू शकतो."

त्याने पुन्हा विचारलं नाही. मनात एकदा चित्र तयार झालं, की माणूस त्यात रंग भरत जातो. राघवच्या चित्रात अंड्यांची राखण करणारा कॉड होता, तो माझ्यात तडफडत होता आणि यतिन घाबरून इकडेतिकडे बघत होता. असं काही घडलेलंच नव्हतं. मी तिथे होते. पण राघव माझ्याकडे बघायचा आणि मला साक्षीदार समजायचा, त्याच्या बाजूची साक्षीदार. दोन दिवसांनी माझ्याशेजारी उभं राहून त्याने फिशरीजला, म्हणजे मासेमारीच्या सरकारी खात्याला, फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं नाही. यतिनचं सांगितलं.

पुढचं मला नंतर कळलं, उर्वीने सुखदाला सांगितलं तेव्हा. दोघी गॅरेजात खुर्च्या काढायला आल्या होत्या. उर्वी हळू आवाजात बोलत होती.

"दोन ऑफिसर आले अगं. युनिफॉर्ममध्ये. शाळेतून आमची अनुष्का नुकतीच आली होती, तिनेच दार उघडलं. यतिनचा सिटिझनशिपचा अर्ज गेलाय, आता तो अडकणार असंच वाटलं त्याला. त्याने स्वतःच फ्रीझर उघडून दाखवला. आत काय, पुरायचा राहिलेला कार्प. माझ्या भोपळ्यासाठी. ऑफिसर हसले, नो वरीज म्हणाले आणि गेले. पण अनुष्का विचारत होती, डॅड, आर वी इन ट्रबल? कुणी केलं असेल गं असं?"

सुखदाने वळून माझ्याकडे पाहिलं. तिने एक खुर्ची उघडली आणि पुन्हा मिटली.

"तू तेव्हा फ्रीझर का उघडू दिला नाहीस?" तिने शेवटी विचारलं.

"राघवचं नेट वापरलं होतं ना. यतिन म्हणाला, त्याला कळलं तर चिडेल."

त्या संध्याकाळी राघव एकटा माझ्यापाशी येऊन बसला. सुखदाने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण या वेळी त्याने मला नाकाशी धरलं नाही. त्याने मासेमारीची दोरी घेतली आणि माझी कापलेली घरं बांधायला लागला. त्याला ते नीट येत नव्हतं. पुन्हा पुन्हा सोडून त्याने गाठ बांधली.

पण त्याने यतिनला काही सांगितलं नाही. नोव्हेंबर असाच गेला. यतिनचं येणं बंद झालं नाही, पण आला की दारातच उभा राहायचा. हसायचे दोघे, पण हसणं लवकर संपायचं. आता मला दोघांचाही संशय यायला लागला होता. एकाला सांगायचं नव्हतं आणि दुसऱ्याला विचारायचं नव्हतं. मला वाटलं, हंगाम उघडल्यावर ते मला विकून टाकतील, नाहीतर तोंडं फिरवून दोन वेगळ्या जाळ्या घेतील.

डिसेंबर उजाडला, बंदी उठली. पहिल्या शनिवारी यतिन गाडी घेऊन आला. "चल," एवढंच म्हणाला. नदीकाठचं सीमूर गाव येईपर्यंत कुणी रेडिओही लावला नाही.

नदीवर ऊन कोवळं होतं. काठावर गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं पाण्यात वाकलेली होती. बराच वेळ काही लागलं नाही. मग यतिनची काठी एकदम अर्धी वाकली. रीळ ओरडायला लागलं. मासा बुडालेल्या ओंडक्याकडे निघाला होता. तो तिथे पोचला असता तर दोरी तुटली असती. यतिनने पाय रोवले आणि त्याला इंच इंच मागे आणलं. एकदा पाणी फुगलं आणि रुंद, हिरवट, ठिपक्याठिपक्यांची पाठ दिसली. एवढा मोठा कॉड मी पाहिला नव्हता.

"नेट घे," यतिन म्हणाला. मागे वळून न बघता.

राघव मला घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. दांडीवरची पकड त्याने दोनदा बदलली. खरं सांगू, त्या क्षणी मला त्याचा भरवसा वाटत नव्हता. मनात काहीतरी लपवून ठेवलेला माणूस हात स्थिर कसा ठेवणार? पण त्याने मला पाण्यात बुडवलं, स्थिर धरलं आणि वाट पाहिली. मासा फिरला, दमला, डोक्याकडून आत आला. राघवने दांडी उचलली नाही, फक्त माझं तोंड पाण्यावर आणलं. कॉड माझ्या पोटात शांत झाला.

दोघे त्याच्या शेजारी वाकले. यतिन पक्कडीने गळ काढत होता. राघव मला दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "तो फोन मी केला होता."

यतिनची पक्कड थांबली नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"ते लोक दारात उभे होते तेव्हापासून. नेटबद्दल मला दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं."

गळ निघाला. मासा तसाच माझ्यात, कल्ले हलवत.

"मग आज माझ्या हातात का दिलंस?"

"दुसऱ्या कुणाच्या देणार?" यतिन म्हणाला. मग पक्कड खिशात टाकत, "मी चिडलो नाही असं नाही. खूप चिडलो. पण मला काय, मी बघून घेईन. अनुष्का मात्र घराची बेल वाजली की अजून माझ्याकडे बघते. तिला तू येऊन सांग."

राघवने मान हलवली. त्याने माझं तोंड खाली केलं. कॉड क्षणभर तिथेच राहिला, मग शेपटी हलवून गढूळ पाण्यात उतरला. फोटो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या वाटेवर ते सरळ यतिनच्या घरी गेले. राघवने मला वाटभर हातातच धरलं होतं, उतरतानाही तशीच घेऊन उतरला. त्याने बेल वाजवली. अनुष्काने दार उघडलं आणि पहिल्यांदा राघवच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या बाबाकडे पाहिलं.

राघव पायरीवर बसला, तिच्या उंचीला आला. "अनुष्का, ते ऑफिसर मी पाठवले होते. मला वाटलं, तुझ्या बाबाने चुकीचं काही केलं. त्याने केलं नव्हतं. माझं चुकलं. सॉरी."

तिने कपाळाला आठी घातली. मग म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क हिम, राघवकाका?"

राघवने मला दुसऱ्या हातात घेतलं. तो "विचारलं होतं" म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

"विचारलं होतं त्याने," यतिनच म्हणाला. "मी खोटं सांगितलं."

अनुष्काने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दॅट्स सो सिली," ती म्हणाली आणि आत जाऊन उर्वीला चहा टाकायला सांगून आली.

मित्रांनो, मी अजून त्याच हुकाला आहे. आता दोघे मला वापरतात आणि नेताना एकमेकांना सांगतात, कधी कधी गरजेपेक्षा जास्त वेळा. त्याची मला गंमत वाटते, आणि थोडं वाईटही. जुना भरवसा बोलून दाखवावा लागत नव्हता. तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. जाळी वापरली तर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, फाटली तर लपवू नका. आणि मित्राच्या गॅरेजात काही ओलं दिसलं, तर फोन उचलण्याआधी त्याच्या दारापर्यंत चालत जा. पहिल्यांदा खोटं बोलला तर थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.