वासराचं दावं

द्वारकेला आगबोटीनं जायचं ठरलं, तेव्हा तापीकाठच्या कोरीट गावच्या कौसाबाईनं सगळ्यात आधी गोठ्यातलं वासराचं दावं गाठोड्यात घातलं. शेतात निंदणीला बसताना ती तीन वर्षांच्या भटूला याच दाव्यानं बाभळीला बांधायची. पोर मनसोक्त हिंडायचं, पण विहिरीपर्यंत काही पोचायचं नाही.

बोटीवरून मुंबईचा किनारा दिसेनासा होताच तिनं दावं भटूच्या कमरेला बांधलं आणि डेकवरच्या लोखंडी खांबाला अडकवलं. भोवतालचे उतारू खो खो हसले. तिचा नवरा दोधू खेकसला, "पोऱ्या शे का ढोर शे? सोड त्याले! पूरमा तापी पोहनारा बाप संगे शे, अन् तुले दावं लागस!"

"ऱ्हाऊ द्या," कौसाबाई म्हणाली. "तापीले दोन काठ दिसतस. आठे समिंदरमा एक बी दिसत नही."

दुपारी वारा पिसाटला आणि बोट हेलकावे खाऊ लागली. भटूला तो झोकाच वाटला. दावं ताणून ताणून तो नाचू लागला. दोधूला मात्र बोट लागली. तोंड दाबत तो कठड्याकडे धावला आणि ओकता ओकता इतका वाकला, की डोक्यावरचं पागोटं समुद्रात गेलं. कौसाबाईनं मागून त्याचं धोतर धरलं, त्याला फरफटत आणून खांबाशी बसवलं आणि दाव्याचं उरलेलं टोक त्याच्या कमरेला आवळलं.

आता कुणीच हसलं नाही. दोधूनं डोळे मिटूनच विचारलं, "गाठ पक्की शे ना?"