हलवलं नाही ते मान्य

ताईंनी डबीतून पांढरं बटण काढलं, अंगठ्याने पुसलं आणि टेबलभर पसरलेल्या कार्डांपैकी पहिल्या कार्डावर ठेवलं. शेजारी एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं होतं : पुरुष. चालतो. बोलत नाही. माणसं ओळखत नाही. घरी बायको आहे.

टेबलाभोवतीच्या चौघांनी वाकून ती वाचली. बोलायचंच नव्हतं, मौनाचा तास चालू होता.

कुठलंही सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी ही टीम त्याचा आराखडा अशीच, गप्प राहून मांडत असे. प्रत्येकाने आपापली कार्डं लिहायची, टेबलावर ठेवायची, खडूने बाण काढायचे. दुसऱ्याचं कार्ड पटलं नाही तर उचलून दुसरीकडे ठेवायचं, कारण सांगायचं नाही. त्याला हवं तर त्याने ते परत आणावं. पण पुन्हा हलवलं गेलं तर ते कार्ड टेबलाच्या कडेला जायचं. त्यावर तास संपल्यावर बोलणं. आणि शेवटपर्यंत जे कोणी हलवलं नाही ते मान्य. मग बटणांची पाळी. एकेक बटण म्हणजे एकेक माणूस. ते बाणांवरून पुढे सरकवत न्यायचं. जिथे अडेल तिथे लाल दोरा ठेवायचा, कारण तिथे आराखडा चुकलेला असतो.

आजचं काम शहरातल्या शुश्रूषागृहांचं होतं. घरी सांभाळणं अशक्य झालेल्या म्हाताऱ्या माणसांना खाट कोणी, कशी, कोणत्या क्रमाने द्यायची, हे सगळं सरकारी खात्याला आता कॉम्प्युटरवर हवं होतं. खात्याचे साहेब स्वतः येऊन बसले होते. आत येताना सगळ्यांसारखा त्यांनीही फोन दाराशी ट्रेमध्ये ठेवला, पण पोटचं पोर पाळणाघरात सोडावं तसं वळून वळून बघत. त्यांच्याशिवाय प्रोग्रॅम लिहिणारे अण्णा होते, चुका शोधण्यावरच पगार घेणारा खडूस होता, आणि एरवी एक मिनिट गप्प न बसणारी, म्हणून चिमणी म्हटली जाणारी मुलगी होती. तिला या तासाची शिकवण ताईंनीच दिली होती.

ही पद्धतही ताईंचीच. पूर्वी या खोलीचा बाजार होता. ज्याचा आवाज मोठा त्याचा आराखडा खरा. आणि सगळ्यांत मोठा आवाज एकाच माणसाचा होता, इतका, की त्याला नगारा म्हणत. ताई तेव्हा नव्याने लागलेल्या, त्या खोलीत एकट्याच बाई. म्हणून ओघानेच त्यांचं नाव पडलं टिमकी. नगाऱ्यापुढे टिमकी कोण ऐकणार? एकदा भांडणात त्या माणसाने टेबलावर हात आपटला आणि त्याच्या शर्टाचं मनगटावरचं पांढरं बटण तुटून कार्डांमध्ये जाऊन पडलं. तो श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात ताईंनी ते बटण बोटाने त्याच्याच बाणांवरून चालवायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेत ते अडकलं. पुढे बाणच नव्हता. त्याने बराच वेळ बटणाकडे बघितलं, मग ताईंकडे. त्या खोलीत तो गप्प बसलेला सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मौनाचा तास त्या दिवसापासून सुरू झाला. पुढे दोघांचं लग्न झालं तेव्हा ऑफिसात सगळे म्हणत, मौनाच्या तासात तिने याला उचलून स्वतःच्या शेजारी ठेवलं, याने हलवलं नाही, झालं, मान्य.

नगारा आता दिवसदिवस खिडकीत बसून असायचा. आधी त्याची माणसांची नावं गेली, मग वस्तूंची, सगळ्यांत शेवटी शिव्या. शिव्या गेल्या त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या होत्या. दिवसा त्याच्याजवळ त्याची थोरली बहीण बसे. महिनाअखेर ती आपल्या मुलाकडे राहायला जाणार होती. गुडघे राहिले नव्हते तिचे. आज सकाळी चहा देता देता ती म्हणाली होती,

"वहिनी, भावाला टाकून चालले असं नका समजू. पण काल त्याने मला ढकललं हो. मी कोण हे त्याला कळेना, आणि मला उठता येईना. आम्ही दोघं तशीच बसलो, तुम्ही येईपर्यंत."

खात्याकडे अर्ज करून वर्ष उलटलं होतं. विचारलं की एकच उत्तर मिळे, तुमचा नंबर रांगेत आहे. ऑफिसात ताईंनी अर्जाचं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार? पण हे काम टीमकडे आलं तेव्हापासून त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून होती. बटण खोटं बोलत नाही. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अडलं, तर खात्याला पुढचा बाण काढावाच लागेल.

त्यांनी पांढरं बटण सरकवलं. अर्ज. डॉक्टरांची तपासणी. मग क्रम लावण्याचं कार्ड, खुद्द साहेबांच्या अक्षरातलं : ज्याला घरी कोणी नाही, तो आधी. त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. पांढरं बटण रांगेत जाऊन बसलं.

अण्णांनी एक निळं बटण आणलं. एकटी बाई, पाय मोडलेला. ते पांढऱ्याच्या पुढे गेलं. खडूसने तपकिरी आणलं, तेही एकटं, तेही पुढे. चिमणीने एका मागोमाग एक बारकी बटणं आणली. खाट रिकामी होत होती, रांग सरकत होती, पुढची बटणं आत जात होती, मागून नवी येत होती. फक्त पांढरं तेवढं दर वेळी बोटभर मागे येत होतं. खडूसच ते मागे घेत होता. चूक सापडली की ज्याच्या चेहऱ्यावर चोराला पकडल्याचा आनंद दिसे, तो आज मान वर करत नव्हता. त्यांच्या धंद्यात अशाला उपाशी म्हणतात. पंगत चालू आहे, वाढपी फिरतो आहे, आणि एका पानापर्यंत तो कधीच पोचत नाही.

ताईंनी नवं कार्ड घेतलं. लिहिलं : जितकी वाट जास्त, तितका नंबर वर. जुनाच उपाय होता. त्यांनी तो रांगेच्या तोंडाशी ठेवला. अण्णांनी मान डोलावली.

साहेबांनी कार्ड वाचलं. मग झोपलेल्या मुलाचा हात अंगावरून बाजूला करावा तसं त्यांनी ते दोन बोटांनी उचललं आणि बाजूला ठेवलं. ताईंनी ते परत आणलं. साहेबांनी पुन्हा उचललं. या वेळी नियमाप्रमाणे टेबलाच्या कडेला.

पांढरं बटण रांगेच्या टोकाला तसंच होतं. खडूसने लाल दोरा हातात घेतला.

इतक्यात चिमणी पुढे झाली. तिने एका कार्डावर छोटंसं घर काढलं. उतरतं छप्पर, दार, खिडकी. खाली लिहिलं, घरचं माणूस. रांगेच्या टोकापासून त्या घरापर्यंत बाण ओढला आणि पांढरं बटण हळूच त्यावर नेऊन ठेवलं. ते तिथे बरोबर बसलं. आता टेबलावर कुठलंच बटण अडलेलं नव्हतं. खडूसने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, आणि दोरा बोटाला गुंडाळून परत ठेवून दिला.

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. त्यांचा हात कार्डावर गेला होता.

आराखडा चांगला नको, खरा हवा, हे त्यांनीच चिमणीला सांगितलं होतं, याच खोलीत. जग जसं चालतं तसा मांडायचा, आपल्याला हवं तसा नाही. हात कार्डावर थोडा वेळ राहिला. त्या कार्डावर खोटं काहीच नव्हतं. ते जरा तिरकं पडलं होतं. ताईंनी ते सरळ केलं आणि हात मागे घेतला.

तास संपला. कडेच्या कार्डावर बोलणं झालं, फार नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. खाटाच मोजक्या आहेत, नंबर खालीवर केले तर याच्या जागी दुसरं कोणी उपाशी राहील, आणि एकटी माणसं तर दार बंद करून मरतात, आम्हाला शेजारी कळवतात, असं त्यांनी सांगितलं.

"याला निदान बायको आहे," साहेब म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या. "बायको आहे."

चहाच्या वेळी चिमणीचा कंठ फुटला. ताई आपलं कार्ड हलवणार म्हणून ती कशी घाबरली होती, हे तिने प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. मग ताईंजवळ येऊन विचारलं,

"खरंच पटलं ना तुम्हाला? का आपलं पोरीचं मन राखलंत?"

"बरोबर होतं," ताई म्हणाल्या. "घरही छान काढलंस."

आवराआवर करताना सगळी बटणं डबीत गेली. पांढरं तेवढं ताईंनी पर्समध्ये टाकलं.

घरी नणंदबाई दारातच होत्या. आजचं काम कसं झालं, त्यांनी विचारलं. आराखडा पास झाला, असं ताईंनी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, चला, एक तरी गोष्ट मार्गी लागली. आणि आपली बॅग भरायला आत गेल्या.

तो टेबलाशी बसला होता. ताई समोर बसल्या. टेबलावर अंथरलेल्या चौकड्यांच्या प्लॅस्टिकवर त्यांनी ते बटण ठेवलं. का ठेवलं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

तो बघत राहिला. मग त्याचं बोट पुढे आलं. नखाने, पूर्वी ऑफिसात धरायचा तसंच, कार्डावरची अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून बोट उभं धरून. बटण चौकडीच्या रेघेवरून निघालं. कोपऱ्यावर थांबलं, वळलं. प्लॅस्टिक जिथे फाटलं होतं तिथे अडलं. त्याने ते मागे घेतलं, दुसरी रेघ पकडली. ताई हलल्या नाहीत. कुठे जाणार हे, असं त्यांना विचारावंसं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांना त्याला काही विचारावंसं वाटलं होतं.

बटण टेबलाच्या या कडेला आलं. पुढे रेघ नव्हती. तिथे ताईंचा हात पालथा पडला होता. त्याने तो उलटा केला, बटण तळव्यावर ठेवलं, आणि मागे टेकून बसला. मौनाच्या तासात कार्ड ठेवून कोणी हलवतंय का, हे बघत बसायचा तसा.

"वहिनी, अंधारात काय बसलात दोघं? दिवा लावू?" आतून आवाज आला.

ताई तळवा तसाच उघडा ठेवून बसून राहिल्या.