टाळांच्या पिशवीतला पासपोर्ट

राहू गावच्या सप्त्यातलं कीर्तन भिमाजीनं आजवर चुकवलं नव्हतं. हौसरावाची जीप यायची, केंदूरचे टाळकरी तीत दाटीवाटीनं बसायचे आणि भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात उतरायचे. यंदा मात्र डोकं दुखतंय असा निरोप त्यानं धाडला. डोकं ठणठणीत होतं. पोरीवर नजर ठेवायची होती.

सायली विमानात कामाला. सुट्टीवर आली तशी रोज दिवस कलला की फोन घेऊन गोठ्यामागं जायची आणि परक्या भाषेत बोलत बसायची. पलीकडून पुरुषाचा आवाज, मऊ, लाघवी. मधेच ही कमरेत वाकून त्या फोनला नमस्कार घालायची. भिमाजीनं ते पाहिलं आणि तडक घरात येऊन सांगितलं.

"कंपनीनं जपानी शिकवलीया," बायको सविता म्हणाली. "तिकडची माणसं बसत्यात तिच्या विमानात."

"चहा द्यायला भाषा कशाला लागती? कप पुढं केला की कळतंय."

"तुमाला समद्यात काळंबेरंच दिसतं."

"उद्या जपानी जावई पंगतीला बसला म्हंजी इचारतो तुला."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघणार होती. पासपोर्टाशिवाय विमानात चढता येत नाही, हे तिनंच बोलता बोलता सांगितलेलं. दुपारी ती केस धुवायला गेली तेव्हा भिमाजीनं तिच्या पर्समधून पासपोर्ट काढला आणि देवघरातल्या खुंटीवरच्या टाळांच्या पिशवीत सारला. त्या पिशवीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. मग तो कांद्याला पाणी द्यायला गेला.

परतला तो गोठ्यामागून आवाज ऐकतच. कडब्याच्या गंजीआड दबून त्यानं कान लावला. पुरुष बोलला. सायलीनं तेच म्हटलं, अडखळली. पुरुष पुन्हा बोलला. तेच शब्द, तीच पट्टी, त्याच जागी घेतलेला तोच श्वास. तिसऱ्यांदाही तसंच.

भिमाजीचे कान टाळकऱ्याचे. कितीही मोठे बुवा असोत, ओळ पुन्हा घेताना आवाज कुठंतरी जरासा हलतोच. न हलणारा आवाज फक्त टेपमधला. तो स्वतः अभंगांच्या चाली तशाच शिकला होता. कॅसेट मागं घ्यायची, ऐकायचं, म्हणायचं, चुकलं की पुन्हा मागं.

पोर चाल बसवत होती.

तो पुढं झाला. "सायले, ह्यो कोन?"

"आमच्या सरांचं रेकॉर्डिंग हाय, आप्पा. उद्या टोकियोच्या विमानात सूचना जपानीत मी सांगायच्यात, पहिल्यांदाच. जमलं तर त्या मार्गावर कायम घेत्याल."

"आन् वाकती कशाला?"

"न वाकता म्हटलं तर आवाजातबी कळतं, म्हणत्यात सर."

हे त्याला पटलं. मन न लावता म्हटलेला अभंग त्यालाही कळायचा.

"पर आप्पा, पासपोर्टच सापडंना. बॅग उलटीपालटी केली."

भिमाजी घराकडं वळला. चपला काढून तरातरा देवघरात गेला. खुंटी रिकामी.

"हौसराव आल्ते," सविता म्हणाली. "तुमी न्हाई तर न्हाई, टाळ तरी द्या म्हणाले. दिली पिशवी."

त्यानं सगळं सांगून टाकलं. दारात उभी असलेली सायली ऐकत राहिली.

"माझी पर्स उघडली तुमी?" एवढंच म्हणाली.

भिमाजीनं तिला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि शिक्रापूर मागं टाकत राहूची वाट धरली. भीमेच्या पुलावर ती जपानी सूचना पुटपुटायला लागली. एकाच शब्दावर अडायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची. भिमाजीनं गाडी हळू केली.

राहूच्या मंडपात कीर्तन रंगात आलं होतं. हौसराव त्याचेच टाळ वाजवत होता.

"डोकं थांबलं व्हय?" टाळ न थांबवता त्यानं विचारलं.

वीणेकऱ्याच्या पायाशी पिशवी पडली होती. भिमाजीनं आत हात घातला. पासपोर्ट हाताला लागला. त्या पिशवीतून निघालेली वस्तू म्हणून सवयीनं त्यानं तो कपाळाला लावला आणि बाहेर येऊन पोरीच्या हातात दिला.

"पुना न्हाई उघडायचो," तो म्हणाला.

तिनं पानं चाळून पाहिली, पर्समध्ये ठेवून चेन ओढली आणि पर्स गळ्यात आडवी अडकवली.

"सायले, ते सर," तो घुटमळला. "त्यांचं लगीन झालंय न्हवं?"

"नातवंडं हायेत त्यांना."

"मग म्हण. कुठं अडतंय, बघू."