‘आधी’चा फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. भिंतीवर टांगतात किंवा अल्बमात चिकटवतात तसला नव्हे. मला चौकट नाही आणि पाठही नाही. दातांच्या एका दवाखान्याच्या वेबसाइटवर, डाव्या हाताला माझी जागा आहे. माझ्याखाली एकच शब्द लिहिलेला आहे: ‘आधी’.

माझा जन्म दुपारी साडेचारला, दवाखान्याच्या खुर्चीत झाला. एका शाळेच्या ग्रंथपाल बाई दाढ दुखते म्हणून आल्या होत्या. त्यांचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते आणि वरचे दोन ओठांबाहेर डोकावत. हसायची वेळ आली की बाईंचा हात आपसूक तोंडावर जाई. फक्त पहिली-दुसरीच्या वाचनाच्या तासाला तो खाली येई, कारण तेव्हा पुस्तक धरायचं असे, पानं उलटायची असत आणि राक्षसापासून उंदरापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचे असत. त्या तासाची मुलं आठवडाभर वाट पाहत. खरं तर बाईच जास्त पाहत.

दाढ काढण्यापूर्वी डॉक्टरांनी कॅमेरा उचलला. फाइलला फोटो लागतो, ते म्हणाले. बाईंचा हात तोंडाकडे निघालेला पाहून त्यांनी तो हळूच खाली केला. “मोकळं हसा. इथे कोण बघतंय?” बाई हसल्या. ते हसणं म्हणजे मी.

दाढ निघाल्यावर दवाखान्यातल्या मदतनिसाने संमतीचा एक कागद पुढे केला. तोंडात कापसाचा बोळा असताना माणूस विचारून विचारून काय विचारणार? बाईंनी सही केली आणि गाल धरून घरी गेल्या. पुन्हा त्या दवाखान्यात उपचाराला गेल्याच नाहीत. मीही डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलो. मला नाव नव्हतं, कॅमेऱ्याने दिलेला नंबर तेवढा होता. ते दिवस चांगले होते, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी एक वेबसाइटवाला नेमला. माणूस सालस, कामाला पक्का. जुनी वेबसाइट उघडेउघडेपर्यंत लोक कंटाळून निघून जातात, हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं. मी तर भलताच जाडजूड होतो. स्पष्टपणा तसाच राखून त्याने माझं वजन इतकं उतरवलं की बोट लावायचा अवकाश, मी हजर. मग खुर्चीची कड कापली, भिंतीवरचं घड्याळ कापलं, उजेड वाढवला. दातांची कड न् कड धारदार केली. डॉक्टर मागे उभे राहून म्हणाले, दात अजून थोडे पिवळे दिसू देत. त्याने तेही केलं.

बाईंच्या डोळ्यांवर मात्र त्याने आपणहून काळी पट्टी लावली होती. डॉक्टरांनी ती पाहिली आणि मान हलवली.

“पट्टी काढा. पट्टी लावली की माणूस गुन्हेगार वाटतो.”

“पण त्या बाईंना विचारलंय का?”

“सही आहे त्यांची.”

पट्टी निघाली.

मग माझं बारसं झालं. नंबर पुसून त्याने नाव ठेवलं: ‘वाकडे-दात-उपचारापूर्वी’. लोक शोधताना जे शब्द लिहितात तेच शब्द फोटोच्या नावात असले तर फोटो लवकर सापडतो, हे त्याच्या धंद्याचं पहिलं सूत्र. शिवाय प्रत्येक फोटोच्या पोटात एक ओळ लिहायची असते. ती एरवी दिसत नाही. शोधणारं यंत्र ती वाचतं, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना फोन ती वाचून दाखवतो. माझ्या पोटात त्याने लिहिलं, ‘पुढे आलेले, वाकडेतिकडे, पिवळे दात असलेली मध्यमवयीन बाई.’ माझ्या उजव्या हाताला मोत्यासारख्या दातांची एक वेगळीच बाई आणून बसवली आणि तिच्याखाली लिहिलं, ‘नंतर’. आमची दोघांची ओळखदेख नव्हती.

महिन्याभरात मी शोधाच्या पाचव्या पानावरून दुसऱ्यावर आलो, मग पहिल्यावर, मग पहिल्या ओळीत पहिला. डॉक्टरांनी वेबसाइटवाल्याच्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुशारलो होतो.

बाईंच्या शाळेत चौथीला ‘दातांची निगा’ या विषयावर तक्ता करायचा होता. सहा मुलांनी तक्ते आणले आणि चारांवर मी होतो. एक मुलगी आपला तक्ता घेऊन थेट ग्रंथालयात गेली. तिला वाटलं, बाईंना आनंद होईल. “बाई, तुम्ही सगळ्यात पहिल्या आलात,” ती म्हणाली.

ती गेल्यावर बाईंनी ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर मला उघडलं आणि मोठं केलं. आणखी मोठं केलं. साधा फोटो असता तर एव्हाना फाटला असता, धूसर झाला असता. मी झालो नाही. मला तसं घडवलंच नव्हतं. शेवटी पडद्यावर नुसते दात उरले, आणि बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

पुढच्या वाचनाच्या तासाला बाईंनी राक्षसाचा आवाज काढायला तोंड उघडलं आणि मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, “आधी.” सगळा वर्ग हसला. बाईंनी पुस्तक मिटलं. मुख्याध्यापिकांनी हे ऐकलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की काही दिवस वाचनाचा तास दुसऱ्या कोणाला देऊ, तुम्ही पुस्तकांना कव्हरं घाला. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत.

बाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी कागद काढून समोर ठेवला.

“सही तुमचीच ना?”

“तेव्हा माझ्या तोंडात बोळा होता, डॉक्टर.”

“तुमचं नाव लिहिलंय का कुठे? कोण ओळखणार?”

“माझ्या शाळेतली सहाशे मुलं.”

डॉक्टर रागावले नाहीत. ते हसले, आणि त्यांचे दात फार सुंदर होते. “मग दात करून घ्या. ‘नंतर’ला तुमचाच फोटो लावू.”

वेबसाइटच्या तळाशी वेबसाइटवाल्याचा फोन नंबर होता. बाईंनी त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “नाव मीच ठेवलं होतं त्याचं.” त्याच दिवशी, डॉक्टरांना न विचारता, त्याने मला काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुसरा वेबसाइटवाला नेमला आणि मी होतो तिथे परत आलो. तोवर मला इतरांनीही उचललं होतं. हलक्या वजनाचा, स्पष्ट, नेमक्या नावाचा फोटो कोणालाही हवाच असतो. मी एका दंतमंजनाच्या जाहिरातीत गेलो, विनोदांच्या पानावर गेलो. घराघरांतल्या फोनवर फिरलो.

असाच मी बाईंच्या वहिनीच्या फोनवर पोचलो. तिने मला पुढे पाठवलं ते बाईंच्या आईला. सोबत लिहिलं, ‘लेक झळकली हो तुमची.’

आईंना दिसत नव्हतं. बाई सहा वर्षांच्या असताना त्यांची दृष्टी गेली. लेकीचे दुधाचे दात पडत होते तोवरचंच त्यांनी पाहिलेलं. पुढे कधीतरी त्यांनी विचारलं होतं, नवे दात कसे आले गं? लहानग्या बाईंनी सांगितलं, अगदी तुझ्यासारखे. आईंचे दात म्हणजे डाळिंबाचे दाणे. तेवढ्या एका वाक्यावर आई चाळीस वर्षं सुखी होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, माझी लेक हसली की घर उजळतं. पाहुणे विषय बदलायचे.

त्या सकाळी बाई शाळेत जायला पायांत चपला घालत होत्या. आईंनी फोनला बोट लावलं आणि फोनने मला वाचलं. ‘पुढे आलेले, वाकडेतिकडे, पिवळे दात असलेली मध्यमवयीन बाई.’ त्यापाठोपाठ वहिनीचं वाक्य. आईंना वाटलं, फोन चुकला. त्यांनी पुन्हा बोट लावलं. मग तिसऱ्यांदा.

“ही कोण गं?” त्यांनी विचारलं.

“कोणीतरी असेल, आई.”

“वहिनी तर म्हणते, तू.”

“तिला काय, उगाच चेष्टा करते.”

आईंनी हात पुढे केला. लेकीचा चेहरा चाचपायची त्यांची रोजची सवय होती: कपाळ, गाल, हनुवटी. त्या दिवशी बोटं ओठांकडे निघाली आणि बाईंनी मान वळवली. हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग आईंनी तो मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “जा, उशीर होईल तुला.”

तेव्हापासून त्यांनी लेकीच्या चेहऱ्याला हात लावलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मला अडगळीत टाका. कोणाचंही हसणं टिपण्याआधी त्याला विचारा, आणि त्याच्या तोंडात बोळा असताना विचारू नका. फोटोला नाव ठेवताना लक्षात असू द्या की ते माणसाला चिकटतं.

आणि माझं नाव तुम्हाला आता ठाऊक झालं आहे. ते लिहून मला शोधू नका. तुम्ही शोधलंत, की मी पहिला येतो.