डावं पान घराचं, उजवं शाळेचं

मित्रांनो, वही म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गणितं येतात, नाहीतर शुद्धलेखन. मी एक जुनी वही आहे खरी, पण माझ्यात यांपैकी काहीच नाही. मी निरोपांची वही आहे. एका कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, अनोळखी फायलींच्या गर्दीत मी पडून असते. गर्दी असली म्हणजे सोबत असतेच असं नाही, हे मला इथे आल्यावर कळलं.

माझा जन्म छापखान्यातला. कागद कापले गेले, निळ्या रेघा पडल्या, पाठीला शिलाई बसली आणि वर जाड पुठ्ठ्याची बांधणी चढली. त्या बांधणीचा मला भारी तोरा होता. दुकानात एका बाईनं स्वस्त वह्या बाजूला सारून मलाच उचललं, तेव्हा तर मी आणखीच फुगले. ती बाई कपडे धुण्याच्या कारखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची. तिच्या बोटांना गरम कापडाचा वास यायचा. तिची सात वर्षांची मुलगी कायम भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं मुंगी.

मुंगी कोणाशीच बोलत नसे. हवं ते बोटानं दाखवायची, आणि गलका वाढला की कान दाबून टेबलाखाली शिरायची. शाळेत काय झालं ते तिला घरी सांगता येत नव्हतं, घरचं शाळेत सांगता येत नव्हतं. म्हणून मी आले. रीत सोपी होती. डावं पान घराचं, उजवं शाळेचं. सकाळी आई लिहायची, दुपारी वर्गाच्या बाई लिहायच्या, आणि मी मुंगीच्या दप्तरातून ये-जा करायचे.

पहिल्याच दिवशी बाईंनी लिहिलं, ‘छान बसली. गोड मुलगी आहे.’ मी चाटच पडले. कारण त्या दिवशी मुंगी टेबलाखाली दप्तर पोटाशी घट्ट धरून बसली होती आणि मी त्या दप्तरातच होते. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. अडतीस मुलांच्या वर्गात तिच्याकडे वाकून पाहायला कोणाला फुरसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईनं लिहिलं, ‘घरी काही त्रास नाही. आनंदानं शाळेत येते.’ त्या सकाळी बूट घालताना मुंगीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

असंच वर्ष सरत गेलं. डावीकडे ‘सगळं ठीक’, उजवीकडे ‘सगळं छान’. मावशीचा फोन आला की आई तिलाही सांगायची, ‘मुंगी मजेत आहे.’ फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसायची. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण वहीला कोण विचारतं? मला फार एकटं वाटायचं.

मग एक दिवस मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. मुंगीच्या शेजारी बसणारी मदतनीस बाई मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी तिला या शाळेत ठेवणं जमणार नाही, असं ते म्हणाले. मदतनीस बाईचा पगार शिक्षण कार्यालयाच्या निधीतून मिळू शकतो, त्यासाठी अर्ज करा, सोबत डॉक्टरांचा दाखला आणि रोजच्या नोंदी जोडा, असंही त्यांनी सांगितलं. रोजच्या नोंदी म्हणजे मीच की! आईनं मला स्वच्छ पुसलं, नवं वेष्टन घातलं आणि मोठ्या विश्वासानं शिक्षण कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी बोट ओलं करत माझं पान न् पान वाचलं. मग मला मिटलं.

“ताई, दाखल्यात अडचणी लिहिल्यात. पण या वहीत तर मुलीला काहीच त्रास दिसत नाही. मी मंजूर करू कशाच्या जोरावर?”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या टेबलावर आमच्या मुठीला कवडीचीही किंमत आली नाही. अर्ज परत आला. तीन महिन्यांच्या खऱ्या नोंदी घेऊन पुन्हा या, असा त्यावर शेरा होता.

त्याच संध्याकाळी रिकाम्या वर्गात, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आई आणि बाई समोरासमोर बसल्या. मी दोघींच्या मध्ये होते.

“तुम्ही रोज छान-छान का लिहीत होतात, बाई?”

“तुम्ही फाटकाशी दमून उभ्या असायचात. तुमचं तोंड बघून दुसरं काही लिहायला हात धजायचा नाही. आणि तुम्ही?”

“खरं लिहिलं तर तुम्ही तिला काढून टाकाल, असं वाटायचं मला.”

मग आईनं पेन काढलं आणि माझ्या डाव्या पानावर लिहिलं, ‘आज बूट घालताना पाऊण तास रडली. मीही रडले.’ वही फिरवून तिनं बाईंपुढे केली. बाईंनी उजवीकडे लिहिलं, ‘सुट्टीत टेबलाखाली बसली. रोज तिथेच बसते.’

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात जड महिने होते. शाळेचं पान वाचून झालं की आई मला पालथी घालून ठेवायची. कधी शाई पसरलेली असायची. पण खोटं पोटात घेऊन मिरवण्यापेक्षा हे जड ओझं मला बरं वाटलं.

दुसऱ्या वेळी साहेबांनी मला वाचलं तेव्हा मध्येच चष्मा काढून ठेवला. आठवड्याला पंधरा तास मदतनीस बाई मंजूर झाली. आईनं विचारलं, “साहेब, वही परत मिळेल ना?” मूळ पुरावा दप्तरी, म्हणजे कार्यालयातच राहतो, असं साहेब म्हणाले. आईनं माझ्या पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला आणि ती गेली. मुंगी त्या दिवशी आलीच नव्हती.

तेव्हापासून मी इथे आहे. मला कोणी उघडत नाही. मुंगी आता केवढी झाली, मला माहीत नाही.

वर्षानंतर मदतनीस बाईंची मुदत वाढवायची होती, म्हणून मला एकदा बाहेर काढलं. मुंगीची नवी वही माझ्या शेजारी ठेवली होती. साहेबांनी तिच्यातली एक ओळ कारकुनाला वाचून दाखवली, ‘सकाळी मदतनीस बाईंना चावली. दुपारी त्या खडू वाटत होत्या, तेव्हा हात पुढे करून म्हणाली, मला पण.’ साहेबांनी सही केली. आता नक्कल पुरते, म्हणून ती वही त्याच दिवशी घरी गेली. मी पुन्हा कपाटात आले. मला तिचा हेवा वाटला, हे कबूल करते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी असं टेबलाखाली बसत असेल, तर मोठ्यांना ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सांगू नका. जे दिसतं ते सांगा, आणि मग त्याच्याजवळ जाऊन बसा. मी वर्षभर मुंगीच्या पोटाशी होते, तरी माझ्यापाशी ती एक शब्दही बोलली नाही. त्यासाठी शेजारी माणूस बसावा लागतो.