झोपलेल्या मुलाची खबर

लिबोरिया पालेर्मोला आली होती पुतण्याच्या लग्नाला. आल्यापासून तिनं शहर म्हणून काय पाहिलं असेल, तर दिराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं. लग्न झालं, पाहुणे पांगले, वांगी तळून तळून तिच्या केसांना तेलाचा वास बसला. आज संध्याकाळच्या बसनं डोंगरातल्या गावी परतायचं होतं. जेवणं उरकली आणि तिची नणंद प्रोव्हिदेंत्सा सुजलेले पाय खुर्चीवर टाकून पेंगायला लागली, तशी लिबोरियानं हळूच बाहेरचे बूट चढवले.

"कुठं निघालीस गं?" नणंदेनं डोळे न उघडताच विचारलं.

"कॉफी पिऊन येते."

"का, घरात कॉफी नाही?"

"घरातलीच पितेय ना आल्यापासून, वन्स."

"हरवलीस तर मी काही बस थांबवायची नाही. सांगून ठेवते."

लिबोरिया जिना उतरली. जन्मभर मेंढ्यांच्या दुधाचं चीज करत आलेली ही बाई गावात अबोल म्हणून प्रसिद्ध होती. नवरा चारचौघांत म्हणायचा, हिच्यापेक्षा माझी मेंढरं जास्त बोलतात. तीही हसायची. बोलण्यासारखं काय घडतं गावात? दूध नासतं, बर्फ पडतो, कुणीतरी मरतं.

इथं मात्र दहा पावलं चालली नाही तोच तिचं तोंड उघडं राहिलं. बाजाराची गल्ली म्हणजे नुसता कालवा. तलवारमाशाचं मुंडकं बर्फावर उभं करून ठेवलेलं, त्याची तलवार थेट आभाळाकडे. टोपलीतल्या गोगलगाई काठावरून पळून जायच्या बेतात. कढईतून चण्याच्या पिठाच्या वड्या निघत होत्या आणि त्या पावात कोंबून लोक उभ्याउभ्या खात होते. तिनंही एक घेतली. जीभ भाजली, तरी थांबवेना.

"अहो राणीसाहेब!" मासेवाला ओरडला. "इकडे बघा की! माझा मासा मघापासून तुमच्यासाठी ताटकळलाय!"

"मेलाय तो," लिबोरिया म्हणाली.

"तुम्हाला बघूनच मेला हो!"

सगळी गल्ली हसली आणि लिबोरियाही लाल होत हसली. पुढं एका वळणावर भिंत संपली आणि एकदम एक चर्च समोर आलं, वर लाल गोल घुमट, शेजारी खजुराचं झाड. एका पडक्या महालाच्या दारात कुणी टायर विकत होतं आणि त्याच्या डोक्यावर दगडी सिंह इतके सुरेख कोरलेले की तिला त्या टायरवाल्याचा हेवा वाटला. रोज सिंहाखाली बसतो लेकाचा!

कुठं वळलो, किती वळलो, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. एका अरुंद गल्लीत वरून दोरीनं सोडलेली एक टोपली कुणाच्या तरी धुण्याच्या तारेत अडकून लोंबकळत होती. लिबोरियानं टाचा उंचावून ती सोडवली.

"इथली नाहीस तू!" वरून आवाज आला. चौथ्या मजल्याच्या सज्जातून एक पांढरं डोकं वाकलं होतं. "इथली असतीस तर आधी शिव्या घातल्या असत्यास, मग सोडवली असतीस."

"डोंगरातली आहे मी. आज परत जाणार."

"परत जाणार? पुन्हा येणार नाहीस?"

"कोण जाणे, बाई."

"मग तूच हवीस मला. पोरी, माझं एक काम कर."

"पोरी? अहो, आजी झालेय मी."

"माझ्यापुढं सगळ्या पोरीच."

समोरच्या लिंबूवाल्यानं लिबोरियाला दबक्या आवाजात सांगितलं, "दोन्ना निन्फा. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाली आली नाही. मुलगी जर्मनीला बोलावते, ही जात नाही."

"काय कुजबुजतोस रे, साल्वो? पाय मोडलाय माझा, कान नाही मोडले!" म्हातारी कडाडली. मग लिबोरियाला म्हणाली, "कमानीखालून गेलीस की डाव्या हाताला प्रार्थनाघर आहे. आतल्या भिंतींवर चुन्याची पोरं आहेत, पांढरीशुभ्र. खिडकीखाली एक झोपलेला आहे. त्याला बघून ये आणि कसा आहे ते मला सांग. ह्या गल्लीत कुणालाही विचारलं की म्हणतात, छान आहे, छान आहे. पावसाळ्यात तिथलं छत गळलं म्हणे, आणि तरी सगळं छान! तुला माझ्याशी खोटं बोलायचं काही कारण नाही."

लिबोरिया निघाली. प्रार्थनाघराचा राखणदार नेमका कुलूप लावत होता. जाड भिवयांचा, पोट सुटलेला माणूस. "बंद झालं. जेवायला चाललोय."

"दोन्ना निन्फांनी पाठवलंय."

"मग आधी सांगायचं की, बाई!" त्यानं कुलूप उघडलं.

आत गेल्यावर क्षणभर लिबोरियाला वाटलं, आपण दुधात उतरलो. भिंती अशा नव्हत्याच, होती ती नुसती मुलं. कुणी साबणाचे फुगे उडवतंय, कुणी भावाच्या पाठीवर चढलंय, कुणी मोठ्या माणसाचं शिरस्त्राण घालून नाकापर्यंत बुडालंय. एकजण रडतोय आणि दुसरा त्याची मजा बघतोय. गुडघ्यांना खळ्या, पोटाला वळ्या. ताजं चीज चाळणीतून उलटल्यावर कसं थरथरतं, तशी ती मांसल अंगं आत्ता थरथरतील असं वाटत होतं. कुणाच्या हातांनी केलं असेल हे? तिनं नकळत आपले हात अंगावरच्या शालीत लपवले आणि मग पुन्हा बाहेर काढले. तिचेही हात पांढऱ्यातच काम करत आले होते.

खिडकीखालचा झोपलेला होता. ओठ किंचित उघडे. पायाची दोन बोटं नव्हती. भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते आणि ज्या हातावर त्यानं गाल टेकला होता, तो हातच नव्हता. गाल हवेवर टेकलेला.

राखणदारानं एक खोका आणला. कापसात गुंडाळलेला इवलासा हात. "गळलं त्या रात्री पडला. कारागीर येणार आहेत, जोडतील. पण बाई, तिला सांगू नका. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तिचा पहिला मुलगा असाच झोपायचा म्हणे. तान्हा गेला तो. दर शुक्रवारी यायची ती इथं, त्याच्यासमोर बसायची."

"घेऊ हातात?" लिबोरियानं विचारलं.

त्यानं मान डोलावली. तिनं तो हात तळव्यावर घेतला, बराच वेळ बघितला आणि परत ठेवला.

कमानीखालून ती गल्लीत परत आली. सज्जात पांढरं डोकं वाट बघत होतं. लिंबूवाला साल्वो, शेजारच्या खिडकीतल्या बायका, सगळे बघत होते. राखणदार जेवायला गेलाच नव्हता, तिच्यामागं येऊन उभा होता.

"बोल पोरी! कसा आहे?"

"झोपलाय," लिबोरिया म्हणाली.

"मोठ्यानं बोल!"

"झोपलाय!" तिचा आवाज भिंतींवर आदळला. एवढ्या मोठ्यानं ती फक्त मेंढरांवर ओरडली होती. "पायाची दोन बोटं नाहीत!"

"ती माझ्या आजीच्या काळापासून नाहीत," म्हातारी म्हणाली. "खरं बोलतेस का ते बघत होते. आणखी?"

साल्वोनं लिबोरियाकडे बघून डोळे वटारले. तिनं वर पाहिलं. आपल्या चीजमध्ये खोट असली तर ती गिऱ्हाइकाला आधी सांगायची. इथं तर जितंजागतं माणूस विचारत होतं.

"हात पडलाय, दोन्ना निन्फा. गालाखालचा."

कुणाच्या तरी घरातला रेडिओ बंद झाला.

"कुठाय तो?" वरून आलं.

"कापसात, खोक्यात. नीट ठेवलाय. मी घेतला होता हातात."

"जड होता?"

"नाही हो. चिमणीएवढा. नखंसुद्धा आहेत त्याला, आणि मनगटावर वळी. गालाला काही झालेलं नाही. जाग आलेली नाही त्याला."

म्हातारीनं कठड्यावर कपाळ टेकलं. राखणदार पुटपुटला, "झालं तुमचं समाधान?" पण डोकं पुन्हा वर आलं, आणि आवाज ओला असला तरी ठणठणीत होता.

"झोपेत हात काढून घेतलान् म्हणायचा. काढतातच मुलं. जेत्तानो, तू तिथंच आहेस ना? लबाड माणसा! जोडायला लोक आले की मला खुर्चीवरून खाली न्यायचं. साल्वो एक पाय धरेल, तू दुसरा. मला बघायचंय ते."

"चार मजले, दोन्ना निन्फा!" जेत्तानो राखणदार घाबरला.

"पोट कमी होईल तुझं!"

आता मात्र गल्लीला हसू फुटलं. म्हातारी म्हणाली, "आणि पोरी, वाटेत काय काय पाहिलंस? सगळं सांग. दोन वर्षं मी फक्त ही भिंत बघतेय."

मग लिबोरियानं सांगायला सुरुवात केली. तलवारमासा आभाळाकडे तलवार करून कसा उभा होता, ते सांगितलं. सिंह सांगितले, टायर सांगितले, लाल घुमट सांगितले. मधूनच वरून प्रश्न यायचा: कोपऱ्यावरचं जाईचं झाड आहे का? आहे, फुललंय. कढईवाला अजून गातो का? गातो, बेसूर. इथल्या लोकांना रोजचंच असलेलं ते शहर ती मान वर करून ओरडून सांगत होती आणि लोक खिडक्यांत कोपरं टेकून ऐकत होते. साल्वोनं तिला बसायला लिंबांची पेटी उलटी करून दिली.

निघायची वेळ झाली तेव्हा टोपली खाली आली. तिच्यात कांदा-टोमॅटो लावलेला जाड पाव होता, अजून गरम.

"खा वाटेत," म्हातारी म्हणाली. "आणि डोंगरातलं चीज पाठव. चांगलं असेल तरच."

बस सुटायच्या बेतात असताना लिबोरिया धापा टाकत चढली. प्रोव्हिदेंत्सा रागानं फुलली होती. "एवढा वेळ कॉफी? आणि हा आवाज का बसलाय तुझा?"

"बोलत होते."

"तू?"

बस समुद्राच्या कडेनं निघाली. लिबोरियानं पाव मोडून अर्धा नणंदेला दिला आणि घोगऱ्या आवाजात सगळं सांगायला लागली. प्रोव्हिदेंत्सा पहिल्यांदा हुं हुं करत खात होती. घाट लागला तेव्हा तिनं खाणं थांबवलं.

"नखंसुद्धा होती म्हणतेस?"

"होती ना."

"मेले, इतके दिवस आपण तिथं वांगी तळत बसलो," नणंद म्हणाली आणि सरकून जवळ बसली. "हं, मग? त्या शिरस्त्राणवाल्याचं काय सांगत होतीस?"